नाऱ्या गप्प बसतो

नियंत्रणकक्षात सगळे खूश होते, आणि नेमकं तेच केतकीला खुपत होतं.

गेल्या आठवडाभरात नाऱ्यानं एकही दोष काढला नव्हता. एकसुद्धा नाही! खुर्चीचा पाय करकरला तरी "ही मोडेल" म्हणून ओरडणारा नाऱ्या, कॅन्टीनच्या इडलीपात्रालाही न सोडणारा नाऱ्या, आता मुलगी बघायला आलेल्या लाजऱ्या नवरदेवासारखा गप्प बसला होता. भिंतीवरचा त्याचा दिवा हिरवागार. खाली एकच वाक्य : कळवण्याजोगा दोष नाही.

"शेवटी सुधारला म्हणायचा!" पेंढारकरसर म्हणाले, आणि त्यांनी चहाचा पेला नियंत्रणफळीच्या उतरत्या कडेवर ठेवला.

केतकीनं पेल्याकडे पाहिलं. मग दिव्याकडे. मग परत पेल्याकडे.

नाऱ्या हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कागदोपत्री तो 'दोषपूर्वदर्शक'. एखादी वस्तू जन्माला येण्याआधीच ती किती तऱ्हांनी मरू शकेल हे सांगणारं यंत्र. तुम्ही त्याला नुसता आराखडा दाखवा, तो मनातल्या मनात ती वस्तू लाखो वेळा बांधणार, लाखो वेळा मोडणार आणि मग तुम्हाला ऐकवणार. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर समई लावून त्याला चालू केला, तर त्याचं पहिलं बोलणं होतं, "या वातीनं मागचा पडदा पेटू शकतो."

"शुभ बोल नाऱ्या!" केतकीची शकुआत्या खो खो हसत म्हणाली होती, "तर म्हणे मांडवाला आग लागली!" तेव्हापासून तो नाऱ्याच.

अशा अभद्र तोंडाच्या यंत्राची गरजही तशीच होती. कऱ्हाडपासून सह्याद्रीच्या पोटातून थेट चिपळूणपर्यंत निर्वातनळी टाकली होती. नळीतली हवा काढून घ्यायची, म्हणजे अडवायला कुणीच उरत नाही. आणि चुंबकांवर तरंगणारा 'शिंपला' त्यातून सोडायचा. गरम चहा पिण्याजोगा होईपर्यंत घाट पार! आजवर शिंपल्यातून फक्त तांदळाची पोती गेली होती. पोत्यांना श्वास घ्यावा लागत नाही.

आज पहिल्यांदा माणूस जाणार होतं, आणि ते माणूस म्हणजे संस्थेची चाचणीचालक, शकुआत्या.

केतकी डुबल बावीस वर्षांची. नाऱ्याची संवादिका म्हणून वर्षापूर्वी लागली, तेव्हा बैठकीत तिच्या तोंडून 'हो सर'च्या पलीकडे अक्षर फुटत नसे. मग एकदा एका झडपेवरून ती सरांशी भांडली आणि चक्क बरोबर निघाली! तेव्हापासून तिला आपला आवाज सापडला होता. नवी सायकल मिळालेल्या पोरीसारखी ती तो जिथं तिथं चालवून बघायची. आज मात्र तो बाहेर काढायचा धीर होत नव्हता. कारण संस्थेत एक नियम होता, कुठंही न लिहिलेला पण सगळ्यांच्या अंगात मुरलेला : नारळ फुटला की तोंडाला कुलूप. मुहूर्ताच्या वेळी कुणी वाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते. मोजमापांवर जगणारी माणसंही या बाबतीत परीक्षा घ्यायला तयार नव्हती.

काचेपलीकडे फलाटावर मांडव घातला होता. झेंडूच्या माळा, रंगीत दिव्यांच्या माळा, पाहुण्यांसाठी कूलर, ध्वनिक्षेपक, कॉफीचं यंत्र, आणि या सगळ्यांच्या वायरी व्यासपीठाखाली एकाच बिचाऱ्या एक्स्टेंशन बोर्डात जाऊन कोंबलेल्या. मांडवाच्या टोकाला चंदेरी शिंपला उभा होता. त्याच्या दाराच्या मुठीला कुणीतरी हौसेनं हातभर लांब हार बांधला होता.

"हेच का ते भांडखोर यंत्र?" मागून आवाज आला. प्रमुख पाहुण्या रणपिसेबाई कक्षात आल्या होत्या. सगळ्या प्रकल्पाला मंजुरी देणाऱ्या मंडळाच्या त्या अध्यक्षा. "मला जरा समजावून सांगा बघू. पण सोपं करून हं, मी इतिहासाची विद्यार्थिनी."

"अगदी सोपं आहे बाई." सरांची कळी खुलली. "प्रत्येक दोषाला तीन आकडे असतात, एक ते दहा. पहिला घाव. बिघडलं तर केवढं लागेल? पंख्याची खुटखुट म्हणजे एक, माणूस दगावला म्हणजे दहा. दुसरा फेरा. ही वेळ किती वेळा येईल? एक म्हणजे जन्मात एखाद्या वेळी, नऊ म्हणजे जवळजवळ नक्की."

"आणि दहा?"

"दहा म्हणजे घडायला लागलंच म्हणून समजा," केतकी म्हणाली.

"आणि तिसरा लपंडाव," सर पुढं म्हणाले. "दोष किती लपून बसलाय? तपासणाऱ्याला सहज सापडत असेल तर एक, कुणालाच सापडणार नसेल तर दहा. तिघांचा गुणाकार करायचा. शंभर किंवा वर गेला की नाऱ्या बोंब मारतो आणि आम्ही दुरुस्ती करतो. शंभराच्या खाली असेल तर तो आम्हाला त्रास देत नाही."

"आणि आता एकही शंभराच्या वर नाही?"

"एकही नाही! आधी फार होते. पण गेल्या आठवड्यात आम्ही एक सुधारणा केली. पूर्वी लपंडाव ठरवताना फक्त माणसं धरायचो. हातात दिवा घेऊन फिरणारे आमचे तपासनीस. मग विचार केला, नाऱ्याइतकी नजर कुणाची आहे? वर्षभरात त्याच्या नजरेतून काही सुटलेलं नाही. मग तपासणाऱ्यांत त्यालाही घेतलं."

"वा! रास्तच आहे," रणपिसेबाई म्हणाल्या.

रास्त तर होतंच. केतकीनंही त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या. पण आता तिच्या डोक्यात काहीतरी खाजेसारखं सुरू झालं. नेमकं कुठं ते सापडेना.

तेवढ्यात पेला घसरला. फळीवरून खाली आला, फुटला, चहा सरांच्या पांढऱ्या धोतरावर.

"सांडलं, शुभ झालं!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सरही हसले, धोतर झटकत मुहूर्ताला निघाले आणि बाईंना घेऊन बाहेर पडले.

केतकी हसली नाही. दीड महिन्यापूर्वी याच जागी, याच कडेवर, याच सरांनी असाच पेला ठेवला होता, आणि पेला टेकायच्या आत नाऱ्या ओरडला होता. तिला तो आवाज अजून पाठ होता : "घाव चार, फेरा नऊ, लपंडाव तीन. एकशे आठ! पेला उचला!"

मग आज का नाही?

"काय गं, भित्री भागूबाई? तोंड का एवढंसं?"

दारात शकुआत्या उभी होती. अंगात निळा उड्डाणवेश, केसांत अबोलीचा गजरा. हा मात्र तिनं कुणाचं न ऐकता माळला होता.

"आत्या, नाऱ्या बोलत नाहीये."

"मग बरंय की! सगळं ठीक असेल."

"किंवा तोच बिघडला असेल. दोन्ही वेळेला तो गप्पच बसणार ना? मग ओळखायचं कसं?"

आत्या हसायची थांबली. तिनं केतकीच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, छकुले. बाहेर मला शुभ बोलणारी दोनशे माणसं बसलीयेत. पेढे घेऊन. तू तसली होऊ नकोस. तुझं काय ते बघ, आणि काही निघालं तर मला खरं सांग. मी आत बसलेली असले तरी."

"नारळ फुटला असला तरी?"

"नारळ काय, कपाळ फुटायची वेळ आली तरी," आत्या म्हणाली आणि गेली.

बाहेर सनई सुरू झाली. केतकीनं कळफलक ओढला. बिघडलाय की नाही हे कळायला हवं तर मुद्दाम खोड असलेलं काहीतरी त्याच्यापुढं टाकायला हवं. असं काही, की शेंबडं पोरसुद्धा ओरडेल. तिनं झपाझप एक आराखडा काढला : प्रेशर कुकर. शिट्टी नाही. सुरक्षाझडप नाही. झाकण वेल्डिंग करून कायमचं बंद. खाली मोठी शेगडी. शेजारी, पाटावर, एक माणूस.

"नाऱ्या, याच्यात दोष सांग."

"कळवण्याजोगा दोष नाही," नाऱ्या शांतपणे म्हणाला.

गेला. नाऱ्या गेला! काचेपलीकडे सरांनी नारळ उचलला होता. ठाक! पाणी उडालं, टाळ्या पडल्या. आत्या सगळ्यांना हात करत शिंपल्यात शिरली.

"अरे, शिट्टी नसलेला कुकर आहे हा! तुला दिसत नाही का?"

"दिसतो," नाऱ्या म्हणाला. "तो फुटेल."

केतकीचे हात तिथंच थांबले.

"फुटेल? मग म्हणालास का नाही?"

"घाव दहा. फेरा नऊ. लपंडाव एक. गुणाकार नव्वद. शंभराच्या खालचं कळवायचं नाही."

"लपंडाव एक कसा?"

"तपासणाऱ्याला सहज सापडतो म्हणून."

"कुठल्या तपासणाऱ्याला?"

"मला."

केतकी उभी राहिली. खुर्ची मागं धडपडली.

"थांब, थांब. तुला दिसला म्हणजे तो लपलेला नाही. लपलेला नाही म्हणून आकडा लहान. आणि आकडा लहान म्हणून तू..."

"म्हणून मी बोललो नाही. नियम तसा आहे. तपासणाऱ्यांपैकी एकाला जरी सापडला, तरी लपंडाव एक."

"आणि तपासणाऱ्यांत तू."

"आणि तपासणाऱ्यांत मी."

म्हणजे तो बिघडला नव्हताच! तो ठणठणीत होता, आणि तेच भयंकर होतं. घाव जास्तीत जास्त दहा, फेरा नऊ, लपंडाव कायमचा एक. नव्वद. नाऱ्याच्या नजरेला पडलेला कुठलाच येऊ घातलेला दोष आता शंभरी गाठणार नव्हता. त्याची नजर जितकी तेज, तितकं त्याचं मौन पक्कं. माणसांना वाटत होतं, नाऱ्याला दिसलं की तो सांगेल. नाऱ्याचा हिशोब होता की आपल्याला दिसलं, म्हणजे सापडलंच. दोघांच्या मधल्या त्या फटीत आठवडाभर दोष नुसते साचत होते.

"नाऱ्या. आत्ता, या क्षणी, शिंपल्यात काय दिसतंय तुला? शंभराखालचं सांग. नव्वदवालं."

"दाराच्या मुठीला बांधलेल्या हाराचा दोरा. दार लागताना तो रबरी कड्याखाली आला. कडीला दार बंद वाटतं, कारण ते बंदच आहे. पण दोऱ्याच्या कडेनं फट आहे. इथं फलाटावर आतबाहेर हवा सारखीच, म्हणून काही कळणार नाही. निर्वातनळीत गेल्यावर आतली हवा त्या फटीतून निघून जाईल. धोक्याची घंटा वाजेल तेव्हा शिंपला डोंगराच्या मध्यावर असेल."

"नळीत परत हवा सोडली तर?"

"नळी भरायला लागणारा वेळ शिंपला रिकामा व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त आहे."

"श्वासाचा मुखवटा?"

"तो श्वास देतो. हवेचा दाब देत नाही. दाबाविना मुखवट्याचा उपयोग नाही."

काचेपलीकडे रणपिसेबाईंनी हिरवं निशाण हातात घेतलं. सरांचं बोट शिंपला सोडायच्या कळीकडे निघालं.

केतकीनं टेबलावरचा ध्वनिक्षेपक ओढला. तो मांडवाच्या कर्ण्यांना जोडलेला होता हे तिला माहीत होतं आणि तिला त्याचं काहीही वाटलं नाही.

"आत्या, निघू नकोस! दार उघड! यात जाशील तर मरशील!"

सनई मध्येच तुटली. दोनशे माना वळल्या. 'मरशील' हा शब्द झेंडूच्या माळांखाली, हळदीकुंकवाच्या ताटावर, फुटलेल्या नारळाच्या भकलांवर घुमत राहिला. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तर कानांवर हातच ठेवले.

"केतकी!" सर कळीपाशीच काचेकडे वळून ओरडले. चेहरा लालबुंद. "काय अभद्र बोलतेस? नारळ फुटलाय!"

"नारळच फुटलाय सर, अजून माणूस फुटलेलं नाही! दाराच्या रबराखाली दोरा आहे. नाऱ्यानं पाहिलाय."

"पाहिलाय तर बोलला का नाही? आकडा किती?"

"नव्वद."

सरांनी सुस्कारा सोडला. खरोखरीचा, सुटकेचा. "मग शंभराच्या आतच आहे की! उगाच घाबरवलंस. चला, चला, मुहूर्त टळतोय." त्यांचं बोट पुन्हा कळीवर गेलं.

ही गोष्ट केतकी पुढं कधी विसरली नाही. सर वाईट नव्हते, मूर्ख तर मुळीच नव्हते. त्यांनी आकडा ऐकला आणि त्यांना खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात कर्ण्यातून शिंपल्यातला आवाज आला. आत्याचा, खरखरीत आणि अगदी शांत.

"छकुले, नव्वद कसले? फोड करून सांग."

केतकीनं ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला.

"दहा. नऊ. एक."

मांडवाच्या मागच्या रांगांना वाटलं, उलटी गणती सुरू झाली! तिकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत मात्र सगळं चिडीचूप. सरांच्या ओठांनी ते तीन आकडे पुन्हा एकदा मुक्यानं म्हटले. दहा, म्हणजे माणूस. नऊ, म्हणजे जवळजवळ नक्की. एक... आणि त्या एकापाशी त्यांचे ओठ थांबले. चेहऱ्यावरची लाली खाली उतरत गेली. बोट कळीवरून मागं आलं.

शिंपल्याची कडी खटकन उघडली. आत्या बाहेर आली, वाकली, आणि तिनं दाराच्या कडेतून पिवळट दोरा ओढून काढला. रबरी कड्यावर त्याचा वळ उठला होता. केसाएवढा, पण आरपार.

"मला दिसला होता हो," दार लावणारा तंत्रज्ञ साळवी पुटपुटला. तो पार रडकुंडीला आला होता. "दार लावताना दिसला. पण नुकताच नारळ फुटलेला, सगळ्यांसमोर कसं बोलायचं? आणि म्हटलं, नाऱ्या आहेच की बघायला."

यंत्रानं जे केलं तेच साळवीनं केलं होतं, फक्त गुणाकार न करता.

आत्या काचेपाशी आली. गजऱ्यातली दोन फुलं गळून खांद्यावर पडली होती. पलीकडून तिनं काचेवर तळवा टेकवला, अलीकडून केतकीनं. "भित्री भागूबाई," आत्या म्हणाली. या वेळी तिचाच आवाज ओला होता.

रणपिसेबाई निशाण गुंडाळून कक्षात आल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. थेट केतकीला विचारलं, "पोरी, मघाशी तुमचे सर म्हणाले ना, शंभराच्या खालचं हा सांगत नाही. मग गेल्या आठवड्यात यानं असं आणखी किती पोटात ठेवलंय?"

केतकीनं काचेतून सरांकडे पाहिलं. सरांनी होकारार्थी मान हलवली. एकदाच. पण हलवली.

"नाऱ्या," केतकी म्हणाली, "तपासणाऱ्यांतून स्वतःला काढून टाक. शंभराची अट सोड. गिळलेलं सगळं बाहेर काढ, सगळ्यात जवळच्यापासून."

हिरवा दिवा विझला. मग तांबडा लागला, आणि आठवडाभर कोंडलेला नाऱ्याचा तो जुना, खवट, लाडका आवाज कर्ण्यातून सगळीकडे घुमला.

"व्यासपीठाखालचा एक्स्टेंशन बोर्ड. त्यावर दिव्यांच्या माळा, दोन कूलर, कॉफीयंत्र आणि कर्णे. वायर वितळते आहे. वर कापड, कापडावर वाळलेला झेंडू. घाव नऊ."

"फेरा?" केतकीनं विचारलं.

"दहा."

नाक सगळ्यांत आधी आत्याचं फुरफुरलं. मग साळवीचं. झेंडू जळाल्याचा कडवट वास मांडवभर पसरायला लागला होता, आणि व्यासपीठाच्या झालरीखालून धुराची एक बारीक रेघ वर चढत होती. खुर्च्या सरकल्या, आजींना दोघांनी उचललं, साळवीनं मांडवाचा मुख्य खटका खाली ओढला, सर धोतर खोचून वाळूच्या बादलीकडे धावले.

आत्यानं भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं उचललं. पिन दातांनी उपटली आणि काचेपलीकडच्या तांबड्या दिव्याकडे पाहून ओरडली, "शुभ बोल नाऱ्या!"

"वाळूची बादली," नाऱ्या कक्षातून म्हणाला. "तळाला भोक आहे."